सुटलेल्या गोष्टींचा हिशेब

(मालवण तालुक्यातील एका वाचनालयात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

गेल्या पावसाळ्यात एक आजी माझ्याकडे आल्या. मुलगा आणि सून मुंबईला नोकरीला, दहावीतला नातू गावी आजीजवळ. ‘माजो नातू रातभर अभ्यास करता,’ असे त्या कौतुकाने सांगत होत्या. त्यांना काळजी एवढीच होती की जागरणाने पोराचे डोळे बिघडतील. मी घरी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पडवीत ताट तसेच पडले होते, बांगड्याला हात लागला नव्हता, भात सुकून कडेने कडक झाला होता, आणि मुलगा भिंतीला टेकून मोबाइलवर खेळत होता.

‘किती तास खेळला तर व्यसन म्हणायचे?’ हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान दिले आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी तीन लक्षणे त्यात आहेत. त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत मोठा बिघाड व्हावा लागतो आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने चाललेले असावे लागते. म्हणून मी पालकांना घड्याळ बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, मुलाचे काय काय सुटले? या मुलाची आधी झोप सुटली, मग जेवण, मग शाळा, आणि शेवटी काकाबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला जाणे. सुट्टीत दिवसभर खेळून संध्याकाळी मैदानावर धावणारा मुलगा आजारी नसतो, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचे आहे.

हा मुलगा आळशी नव्हता. जेटीवर गळ टाकून बसणारा माणूस आठवा. प्रत्येक वेळी मासा लागला असता तर तो टोपली भरून घरी गेला असता, आणि कधीच लागला नसता तर दुसऱ्या दिवशी आला नसता; कधी लागतो, कधी नाही, म्हणूनच तो बसून राहतो. बक्षीस अनिश्चित असले की वर्तन चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले. बेटावर शंभर जण उतरतात आणि शेवटी एकच उरतो, अशा खेळात डाव अर्ध्या तासात संपतो. बहुतेकांच्या वाट्याला हारच येते आणि ‘थोडक्यात हुकले’ म्हणून पुढचा डाव सुरू होतो. गळवाल्याला ओहोटी उठवते. मोबाइलमध्ये ओहोटी नाही.

त्यातही चौघांचा संघ असतो. आई ‘जेवायला ये’ म्हणते तेव्हा मुलाच्या लेखी तिघा मित्रांना मध्येच सोडून जाण्याचा प्रश्न असतो, आणि त्या क्षणी फोन हिसकावला की घरात आकांत होतो. डाव संपल्यावर ऊठ, असे आधी ठरवून घेतले तर निम्मी भांडणे टळतात, असा माझा अनुभव आहे.

सरकार बंदी का घालत नाही, असेही विचारले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल या अशाच बेटावरच्या खेळावर बंदी आली. आपल्याच वाडीतली मुले दुसऱ्या खेळाकडे वळलेली मी पाहिली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, ते योग्यच झाले, पण हा मुलगा पैसे लावत नव्हता. वडील वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, भेटणार. पावसात मैदान चिखलात. मित्र सगळे त्या बेटावर. ती पोकळी कोणता कायदा भरणार?

आम्ही रात्री दहानंतर फोन आजीच्या फडताळात ठेवायचे ठरवले. पहिल्या आठवड्यात त्याने तीनदा भांडून तो परत घेतला. वडील रोज रात्री नऊला फोन करू लागले, आणि त्यांना मी एकच अट घातली होती, खेळाविषयी आणि मार्कांविषयी बोलायचे नाही. त्याला रात्री वेळेवर झोप यायला दीड महिना लागला. झोप, भूक अजिबात सावरत नसेल किंवा मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

तो मुलगा अजूनही खेळतो. नारळी पौर्णिमेनंतर मात्र तो पुन्हा रापणीवर दिसू लागला, दोरीच्या शेवटच्या टोकाला, काकाच्या मागे.