चौथा गडी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘महाविद्यालयीन टेनिस : संघबांधणी आणि स्पर्धेचा आराखडा’. दोष संयोजकांचा नाही. मंडईत भाजी घेताना फोन आला, तेव्हा मीच सांगून टाकलं. आराखड्यावर मी येणार आहे. पण आधी ही वस्तू बघून घ्या.

मघाशी एका वहिनींनी विचारलं, पापडाचा प्रेस का? प्रेसच आहे, पण रॅकेटचा. लाकडी रॅकेट होत्या तेव्हा पावसाळ्यात त्या पापडासारख्याच वाकायच्या. मग या दोन चौकटींत रॅकेट घालायची आणि चार कोपऱ्यांतले हे विंगनट आवळायचे. चारही सारखे आवळायचे. एक जास्त आवळला की रॅकेट त्याच बाजूला तिरकी व्हायची, आणि मग पोरगं सांगायला मोकळं, सर, बॉल बाहेर गेला तो रॅकेटमुळे.

मी एका कॉलेजात 34 वर्षं फिजिकल डायरेक्टर होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डिक गूल्ड नावाचे टेनिस प्रशिक्षक होते. 1966 ते 2004 अशी 38 वर्षं ते तिथे होते आणि त्यांच्या संघांनी राष्ट्रीय विजेतेपद 17 वेळा जिंकलं. जॉन मॅकेन्रो त्यांच्याच हाताखाली खेळला. म्हणजे बघा, गूल्डसाहेब आणि मी यांच्यात फरक फक्त चार वर्षांचा. विजेतेपदांचा फरक मात्र पूर्ण सतराचा आहे.

(हसलात, बरं झालं. मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ नागरिक संघात हाच विनोद केला, तर एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं, मग तुम्हाला काढलं कसं नाही?)

काढलं नाही, कारण टेनिसकडे कोणाचं लक्षच नव्हतं. क्रिकेटचा संघ हरला की प्राचार्य बोलावून घ्यायचे. टेनिसचा संघ हरला तर विचारायचे, आपला टेनिसचा संघ आहे? आणि हे कुठे, तर पुण्यात! 1974 साली याच गावात भारताने डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांच्या सांघिक टेनिस स्पर्धेत, सोव्हिएत संघाला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदामुळे आपण अंतिम सामना खेळायचंच नाकारलं. टेनिसपटू नंदन बळ याच गावचे. अंकिता रैना गुजरातेतून सरावासाठी इथे आली. 2018 पासून काही वर्षं बालेवाडीला एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा भरत होती. तेव्हा टेनिस गावाला परकं नाही. कॉलेजांना परकं आहे.

आमच्याकडे एक मातीचं कोर्ट होतं, आणि ते सांभाळायला मामा होते. पुण्यातल्या कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. हे मामा लहानपणी एका जिमखान्यावर बॉलबॉय होते, मग मार्कर झाले. मार्कर म्हणजे मेंबरांशी खेळायला ठेवलेला माणूस. साहेबाला घाम आला पाहिजे, पण साहेब हरता कामा नये, हे ज्याला जमतं तो मार्कर. खरं टेनिस आमच्या पोरांना मामांनी शिकवलं. मी रजा मंजूर करायचो.

मातीचं कोर्ट जूनमध्ये बंद व्हायचं. पाऊस संपला की वरचा थर खरवडायचा, माती चाळायची, पसरायची, पाणी मारायचं, आणि ओल बरोब्बर असताना रोलर फिरवायचा. ओल जास्त असली तर माती रोलरला चिकटून वर येते, कमी असली तर नुसती धूळ बसते. मामा चपला काढून अनवाणी चालून बघायचे. टाच उमटली पाहिजे, बोटं उमटता कामा नयेत. तेवढं झालं की हाक मारायचे, ‘चला, रोलर!’ रोलर ओढायला चार जण लागायचे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आम्ही नावंही चारच पाठवायचो. त्यामुळे माझी संघनिवड फार सोपी होती. सकाळी साडेपाचला रोलर ओढायला येतात ते चार जण म्हणजे संघ.

त्यात एका वर्षीचा चौथा गडी सासवडकडचा होता. घरी अंजिराची बाग. कॉलेजात आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा रॅकेट धरली. सर्व्हिस येत नव्हती, खालून टाकायचा. बॅकहँड नव्हताच. एक गोष्ट मात्र यायची, बॉल उंच मारणं. इतका उंच की खाली येईपर्यंत समोरच्याला बाजारहाट करून यावं. मामा म्हणायचे, ‘सर, याला दुसरं काही शिकवू नका, हेही विसरेल.’

फायनलला आमच्या दोन नंबरच्या मुलाची नेमकी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल आली. मी त्या विभागात जाऊन अक्षरशः हात जोडले. उत्तर मिळालं, टायट्रेशन थांबत नाही. तीन नंबरला आदल्या दिवसापासून ताप, डबल्सपुरतं कसंबसं उभं राहीन म्हणाला. राहिलं कोण? सासवड.

आमच्या टायचा, म्हणजे दोन संघांच्या लढतीचा, साचा ठाऊक असेलच, दोन सिंगल्स आणि एक डबल्स. पहिली सिंगल्स आमच्या एक नंबरने काढली. दुसरीत सासवड उभा राहिला, समोर त्यांचा हुकमी एक्का. ऑक्टोबरचं ऊन, दुपारचे बारा. सासवडने पहिलाच बॉल आभाळात धाडला. त्याने स्मॅश मारला, याने धावत जाऊन पुन्हा आभाळात. पुन्हा स्मॅश, पुन्हा आभाळ. त्यांच्या बाजूची पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग सावलीत जाऊन बसली. एक्क्याची मान वर करून करून आखडली. डोळ्यांवर आडवा हात धरून तो सूर्यात बॉल शोधत होता. एकेक गेम ड्यूसवर, म्हणजे बरोबरीवर अडकून, दहा-दहा मिनिटं. शेवटी सासवड हरला. स्कोअर 6-0, 6-1. वेळ, दीड तासाच्या वर. कोपऱ्यात मामा उकिडवे बसले होते. म्हणाले, ‘सर, झालं आपलं काम.’

वीस मिनिटांत डबल्स. एक्का तिथेही होता, कारण त्यांचं दुकानच त्याच्यावर चालायचं. तिसऱ्या गेमला त्याच्या पोटरीत गोळा आला. आमची जोडी, त्यातला एक तापाने फणफणलेला, सरळ दोन सेटमध्ये जिंकली. माझ्या 34 वर्षांतली ती एकुलती एक ट्रॉफी.

खरं दुःख पुढे आहे. नोटीस बोर्डावर कॉलेजने अभिनंदन लावलं. त्यात तीनच नावं. मी विचारायला गेलो, तर हेडक्लार्क म्हणाले, सर, चौथा हरलाय ना? 6-0, 6-1 हरलेल्याचं अभिनंदन करायचं? मी खिशातलं पेन काढून खाली चौथं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी विनापरवानगी मजकूर लिहिल्याबद्दल मला मेमो आला. तो मेमो अजून जपून ठेवलाय, ट्रॉफी कुठे गेली ठाऊक नाही.

आणि कोर्ट. मामा निवृत्त झाले, त्या पावसाळ्यात तिथे दुचाक्या लावायला परवानगी मिळाली, ‘तात्पुरती’. पुण्यात तात्पुरतं म्हटलं की माणसाने हात धुऊन घ्यावेत. आज नेटचा एक खांब तेवढा उभा आहे, त्याला हेल्मेटं अडकवतात. रोलर भिंतीशी गंजलाय. हलवायला आता चौघं आणायची कुठून?

काय? चिठ्ठी? पाच मिनिटं? अहो, आराखडा राहिलाय!

भरभर सांगतो. अमेरिकेत कॉलेजच्या सामन्याला सात गुण असतात. आधी तीन डबल्स एकाच वेळी, सहा गेमचा एकेकच सेट. ज्यांच्या दोन जोड्या जिंकतील त्यांना एक गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीला एक. चार गुणांना सामना. म्हणजे सहाव्या नंबरच्या पोराचा गुण पहिल्याच्या गुणाएवढाच. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय एकेरी विजेता झाला, पण सांघिक सामन्यात त्याचा सिंगल्सचा गुण एकच. आपल्या ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळून आले, ते याच साच्यात.

आपल्याकडे सहा कोर्टं एका वेळी मिळणार नाहीत, मान्य. म्हणून माझी सूचना एवढीच : सामने तीनच ठेवा, पण सिंगल्स खेळणाऱ्याने डबल्स खेळायचं नाही. डबल्स तिसऱ्या-चौथ्याने खेळायची, आणि ती सगळ्यात आधी. मग दोन सामने काढणारा एक एक्का आणून भागणार नाही, चार पोरं घडवावी लागतील. डबल्स म्हणजे उरलेल्यांची सोय, असं समजतात. 2017 साली बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्ध आपण 4-1 जिंकलो, त्यातला हरलेला एकच सामना डबल्सचा होता, आणि त्यात लिएंडर पेस होता! डेव्हिस कपातल्या डबल्सच्या त्रेचाळिसाव्या विजयाचा विक्रम त्या दिवशी हुकला, तो पुढच्या वर्षी चीनमध्ये बोपण्णाबरोबर झाला. जोडीचं काम असं असतं.

विद्यापीठाला हे मी तीन वेळा लेखी दिलं. दोनदा पोच मिळाली.

हो, तिकडे हात वर आहे. विचारा... बरोबर. अगदी बरोबर. माझा नियम असता, तर त्यांचा एक्का डबल्सला आलाच नसता आणि आम्ही ती ट्रॉफी हरलो असतो. मामांनी मला हे तेव्हाच ऐकवलं होतं. मी म्हटलं, मामा, सासवड डबल्स खेळला असता. ते म्हणाले, ‘मग तर नक्कीच हरलो असतो.’

चला, संयोजक उभे राहिलेत. प्रेस मागच्या टेबलावर ठेवतोय, हात लावून बघा. फक्त उजवीकडचा खालचा नट पिरगाळू नका, त्याचे आटे गेलेत.