काहीच न केलेले उंदीर

(रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रत्नागिरीत बोलायचं तर सुरुवात कलमापासून केलेली बरी. समजा, कातळावरच्या दहा हापूस कलमांना तुम्ही मोहोरासाठीचं औषध, पॅक्लोब्युट्राझोल दिलंत. पावसाळ्यात बुंध्याभोवती चर खणून, पाण्यात कालवून ओतलंत. आणि ताडून बघायला घेतलीत परसातली, विहिरीजवळची दहा. मोहोर कुठं जास्त आला ते सांगाल, पण कशामुळं? पुढच्या रांगेतले काका हसतायत. बरोबर आहे, कातळावरच्याच औषध न दिलेल्या कलमांभोवतीही चर खणायला हवा, तेवढंच नुसतं पाणी ओतायला हवं. खणताना मुळं दुखावतात, ते झाडाला कळतंच.

हीच चूक मी पांढरा कोट घालून केली. एम.एस्सी.ला असताना एका गटातल्या उंदरांना नैराश्यावरच्या औषधाचं रोज एक इंजेक्शन, असं 21 दिवस. तुलनेसाठी ठेवलेला गट, म्हणजे कंट्रोल, मांडणीवर आरामात, कारण कंट्रोल म्हणजे ज्यांना काही करायचं नाही ते, असा माझा समज. मग अशी औषधं तपासायची पोरसोल्ट या संशोधकाची 1977ची पोहण्याची चाचणी: पाण्याच्या नळकांड्यात पहिल्या दिवशी 15 मिनिटं, दुसऱ्या दिवशी 5, आणि उंदीर किती वेळ स्तब्ध तरंगतो ते मोजायचं; तरंगणं कमी, तर औषध लागू पडलं असं धरायचं. माझे औषधवाले कमी वेळ तरंगले. मी पेढे आणायच्या बेतात. सरांनी एवढंच विचारलं, ‘कंट्रोलवाल्यांना हात कधी लावलास?’ थेट पाण्यात सोडतानाच! औषध ज्यात विरघळवलं होतं तेच नुसतं द्रावण टोचून, तेवढंच हाताळून पुन्हा केलं, तर फरक जवळजवळ गेला.

उलट बाजूचा कंट्रोल तर लोक विसरतातच. इमिप्रॅमिनसारखं नैराश्यावरचं ओळखीचं औषध एका गटाला द्या. त्यानंही तरंगणं कमी झालं नाही, तर तुमची चाचणीच बिघडलीय. आणि अँफेटामिनसारख्या उत्तेजकानंही उंदीर जास्त हातपाय मारतो, त्याला कोणी नैराश्य उतरलं म्हणत नाही. म्हणून नुसती धावपळ किती वाढली, हे मोकळ्या चौकटीत वेगळं मोजावं लागतं.

मला सगळ्यांत आवडते ती सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांची 1967ची प्रयोगाची मांडणी. कुत्र्यांवरची आहे, ऐकायला क्रूर वाटते, आहेच. एका कुत्र्याला डोक्यानं फळी दाबून विजेचा झटका थांबवता येई. दुसरा त्याच्याशी जोडलेला: झटका तेवढाच, तेवढाच वेळ, पण याच्या दाबण्याला किंमत नाही. तिसऱ्याला झटकाच नाही. नंतर उडी मारून सुटायची सोय दिली, तर दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच बसून राहिले. पहिला गट नसता, तर आपण म्हटलं असतं, झटक्यानं खचले. पण झटका पहिल्यानंही खाल्ला होता! यावरून सिद्धांत निघाला, की हतबलता शिकली जाते. पुढं 2016मध्ये या दोघांनीच तो उलटा केला, की गप्प पडून राहणं हा मूळ प्रतिसाद, शिकावा लागतो तो ताबा. मांडणी चोख असली की असं मागं फिरता येतं.

एक मात्र बघा, ताण दिलेला उंदीर एकटा पिंजऱ्यात आणि कंट्रोलचे चौघं एकत्र, असं असेल तर तुम्ही एकटेपणही मोजताय.

काकांचा प्रश्न आलाय: ‘कातळावर दहा सारखी कलमं मिळायची कुठं?’ नाहीच मिळायची. शेजारशेजारची दोन धरा, नाणं उडवा, एकाला औषध, दुसऱ्याला पाणी. आम्हीही एकाच वेतातली पिल्लं अशीच दोन्ही गटांत वाटतो. आणि औषध कुठल्या कलमाला गेलं, ते मोहोर मोजणाऱ्याला सांगू नका.

‘मोजते ती आमची ही.’

मग तर मुळीच नको.