डॅलसची सातशे दोन

नमस्कार. २० जुलै १९५० ही तारीख जरा लक्षात ठेवा, पुढे अजून एकदा लागणार आहे.

त्या दिवशी अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या नेव्हल एअर स्टेशनवरच्या एका रिझर्व्ह स्क्वाड्रनला बोलावणं आलं. कोरियाचं युद्ध सुरू होऊन जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते. स्क्वाड्रनचं नाव व्हीए-७०२. व्ही म्हणजे हवेपेक्षा जड विमान, ए म्हणजे अटॅक, आणि नंबर सातशेच्या पुढचा दिसला की समजायचं हे रिझर्व्हवाले. त्यातही सातशे एक, दोन, तीन हे डॅलसचे नंबर, म्हणजे नंबरावरून गाव कळायचं.

आता रिझर्व्ह म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण विमानांच्या गप्पांमध्ये हीच गोष्ट राहून जाते. ही माणसं दुसऱ्या महायुद्धात लढून परत आलेली. युद्ध संपलं, घरी आले, नोकऱ्या धरल्या, लग्नं केली, घरासाठी कर्ज काढलं. पण विमान सुटत नाही ना, म्हणून महिन्यातला एक शनिवार-रविवार तळावर जायचं, उडायचं, वर्षातून दोन आठवडे सलग ट्रेनिंग करायचं. लोक त्यांना वीकेंड वॉरियर्स म्हणायचे. आपल्याकडे टेरिटोरियल आर्मी आहे, थोडं तसंच. माझे मामा टेरिटोरियलमध्ये होते, एरवी बँकेत क्लार्क. ७१ साली बोलावणं आलं तेव्हा मी सहावीत होते आणि मला आठवतंय की मामी काही बोलली नाही, फक्त त्यांचा ऑफिसचा डबा घासून, पुसून वरच्या फळीवर ठेवला. तो डबा तिथे किती दिवस राहणार हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डॅलसबद्दल वाचते तेव्हा मला तो डबाच दिसतो, काय करणार.

तर बोलावणं आलं, पण लगेच लढाईवर पाठवलं का? नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. मध्ये सात-आठ महिने गेले. शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यूची व्हीएफ-७२१ (एफ म्हणजे फायटर), मेम्फिसची ७९१, कॅन्ससमधल्या ओलेथची ८८४ आणि डॅलसची ही ७०२, अशा चार गावच्या चार स्क्वाड्रन एकत्र करून एअर ग्रुप १०१ बनवला. म्हणजे सगळेच्या सगळे रिझर्व्हवाले. मार्च १९५१ मध्ये तो यूएसएस बॉक्सर या विमानवाहू जहाजावरून कोरियाच्या किनाऱ्यावर पोचला. कोरियात लढाईला उतरलेल्या नेव्हीच्या रिझर्व्ह स्क्वाड्रनमध्ये या पहिल्या.

७०२ कडे विमान होतं स्कायरेडर. तुम्ही कुणी बोगमाळोच्या नौदल विमान म्युझियममध्ये गेला असाल तर अलिझे बघितलं असेल, पुढे पंखा, शेपटीखाली हुक. स्कायरेडर त्याच्या आधीचं आणि एकच पायलट असलेलं. एड हाइनमन या डग्लस कंपनीच्या डिझायनरने काढलेलं, पहिलं उड्डाण मार्च १९४५. त्याचं इंजिन अठरा सिलिंडरचं, बी-२९ या मोठ्या बॉम्बरला असायचं त्याच जातीचं, आणि हे एकटं विमान साडेतीन हजार किलोच्या वर माल घेऊन उडायचं, जो महायुद्धातल्या चार इंजिनांच्या बी-१७ च्या नेहमीच्या लोडपेक्षा जास्त होता. जेट विमानं आलेली होती तेव्हा, पण जेट पटकन तेल संपवून परत यायचं आणि हे तासन्‌तास डोक्यावर घिरट्या घालू शकायचं, म्हणून खाली अडकलेल्या सैनिकांना हेच हवं असायचं. काम काय, तर पूल, रेल्वे, रस्ते तोडणे. आज पूल पाडायचा, रात्रीत समोरचे तो दुरुस्त करणार, की परत जा. आणि उतरायचं कुठे, तर लाकडी फळ्यांच्या सरळ डेकवर. तेव्हा तिरका डेक नव्हता, विमानाच्या हुकाने पकडायची तार चुकली तर समोर जाळी आणि त्याच्या पुढे उभी केलेली दुसऱ्यांची विमानं.

हे सगळं कोण करतंय, तर नऊ महिन्यांपूर्वी टेक्सासमध्ये नोकरीला जाणारी माणसं. मला यात एक अन्याय दिसतो आणि तो मी बोलणारच. जी माणसं एक युद्ध लढून आली त्यांनाच दुसऱ्या युद्धाला पहिलं बोलावलं, कारण तयार माणूस तोच होता. ज्याने आधी दिलंय त्याच्याकडेच परत मागायचं. त्यांनी सही केली होती हे खरं, पण सही करताना पाच वर्षांत परत जावं लागेल असं किती जणांनी धरलं असेल?

दुसऱ्या फेरीत त्यांचं जहाज होतं कीअरसार्ज, आणि त्याच दौऱ्यात, ४ फेब्रुवारी १९५३ ला, कागदावर एक बदल झाला. व्हीए-७०२ ची व्हीए-१४५ झाली. आकडा बदलला म्हणजे रिझर्व्हचा शिक्का गेला, आता ही नेहमीची, पर्मनंट स्क्वाड्रन. हळूहळू रिझर्व्हवाले घरी गेले, नवीन मुलं आली, स्वोर्ड्समेन या नावाने ती ओळखली गेली आणि डॅलस विसरलं गेलं. व्हिएतनामच्या गोष्टी सांगताना १४५ चं नाव खूप येतं, पण ही मुळात शनिवार-रविवारवाल्यांची स्क्वाड्रन होती हे क्वचित कुणी सांगतं. मी आज आले ते मुख्य यासाठी.

व्हिएतनाममध्ये तर हिचं नाव अगदी पहिल्या दिवसापासून आहे. टाँकिनच्या आखातातलं प्रकरण झालं, अमेरिकन जहाजांवर दुसरा हल्ला झाला म्हणून सांगितलं गेलं, तो झालाच नव्हता हे आता माहीत आहे. त्यावरून ५ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामवर पहिले हवाई हल्ले झाले. कॉन्स्टेलेशन जहाजावरून गेलेल्या १४५ च्या स्कायरेडरमध्ये रिचर्ड सेदर नावाचा तरुण लेफ्टनंट होता, तो परत आला नाही. त्या युद्धात मारला गेलेला नेव्हीचा पहिला पायलट. एका न झालेल्या हल्ल्याचं उत्तर द्यायला गेलेला माणूस.

आणि मग डीटर डेंगलर. इथे जरा थांबू या. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या विल्डबर्गचा, १९३८ चा जन्म, वडील महायुद्धात गेलेले. लहान असताना गावावर हल्ला करायला आलेलं विमान अगदी खिडकीजवळून गेलं, ते बघून या पोराला पायलट व्हायचं वेड लागलं, म्हणजे जे विमान मारायला आलं त्याच्याच प्रेमात पडला. अमेरिकेत गेला, धडपडून नेव्हीचा पायलट झाला, पोस्टिंग १४५ मध्ये, जहाज रेंजर. १ फेब्रुवारी १९६६ ला लाओसवर त्याचं स्कायरेडर पाडलं गेलं. त्याने ते कसंबसं जंगलात आपटवत उतरवलं, वाचला, पण पकडला गेला. पाच महिने कैद, बेड्या, उपासमार. २९ जूनला सात कैदी पळाले. डेंगलरच्या सोबत डुएन मार्टिन होता, एअरफोर्सचा हेलिकॉप्टर पायलट. पावसाळ्यातलं जंगल, जळवा, पायात काही नाही. वाटेत मार्टिनला गावकऱ्यांनी मारलं, डेंगलर एकटा उरला. शेवटी वरून जाणाऱ्या एका पायलटला, युजीन डेट्रिक त्यांचं नाव, खाली काहीतरी पांढरं हलताना दिसलं. ते पण स्कायरेडरच उडवत होते, एअरफोर्सचं. हेलिकॉप्टर आलं, दोरीने वर घेतलं, तेव्हा डेंगलरचं वजन पंचेचाळीस किलोही नव्हतं.

तो दिवस २० जुलै १९६६. डॅलसला बोलावणं आलं त्याला बरोबर सोळा वर्षं. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण पहिल्यांदा दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा अंगावर काटा आला होता.

पुढचं भराभर सांगते. १९६८ मध्ये स्कायरेडर गेली आणि ए-६ इंट्रूडर आली, दोन माणसांचं जेट, रात्री आणि पावसात मारा करणारं. १९६९ चा दौरा एंटरप्राइजवरून केला, हो, तीच एंटरप्राइज जी ७१ च्या डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात पाठवली होती, पण ७१ ला ही स्क्वाड्रन तिच्यावर नव्हती. १९९१ ला आखाती युद्ध, परत रेंजर. १ ऑक्टोबर १९९३ ला स्क्वाड्रन बंद झाली.

पण रिझर्व्हचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय विषय अर्धा राहील. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकेचं प्वेब्लो जहाज पकडलं आणि चार दिवसांत सहा रिझर्व्ह स्क्वाड्रनना बोलावलं. त्यातल्या तीन अटॅकच्या होत्या, ७७६, ८३१ आणि ८७३. यातली एकही लढाईला गेली नाही. का? कारण मधल्या काळात रिझर्व्हला ताफ्याने वापरून सोडलेली जुनी विमानं दिली जात होती. पायलट चांगले, मेकॅनिक चांगले, पण स्कायहॉक या अटॅक जेटचं जे जुनं मॉडेल त्यांच्या सवयीचं होतं ते जहाजावरच्या लोकांनी कधीच सोडलेलं, म्हणजे सगळं परत शिका. ते शिकेपर्यंत वर्ष सरत आलं आणि त्यांना घरी पाठवलं. त्या माणसांच्या नोकऱ्या, घरं, सगळं अडकलं आणि उपयोग शून्य झाला, याचा दोष त्यांचा नव्हता. उतरलेली विमानं देऊन ऐनवेळी ताज्या तयारीची अपेक्षा करणाऱ्यांचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या फजितीनंतर १९७० मध्ये सगळी रचनाच बदलली. दोन पूर्ण रिझर्व्ह एअर विंग, म्हणजे अनेक स्क्वाड्रनचे दोन मोठे गट, पूर्वेला २० आणि पश्चिमेला ३०. अटॅकच्या २०३, २०४, २०५ आणि ३०३, ३०४, ३०५. आता आकड्यात गाव नाही, विंग आहे. म्हणजे शिकागोवाले, डॅलसवाले असे सुटे सुटे न बोलावता पूर्ण विंग एकत्र सराव करणार आणि विमानं ताफ्याशी जुळणारी. याचा उपयोग झाला का, तर झाला. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्याच फोर्ट वर्थची २०१ बोलावली गेली आणि २००३ मध्ये रूझवेल्ट जहाजावरून इराकमध्ये लढली. यावेळी बोलावणं ते लढाई हे अंतर काही महिन्यांचंच होतं. २००७ मध्ये तीही बंद केली. त्या १९७० च्या अटॅकवाल्यांपैकी न्यू ऑर्लिन्सची २०४ तेवढी उरली आहे, २०२२ पासून तिच्याकडे एफ-५ विमानं आहेत आणि काम आहे सरावात शत्रू बनून दुसऱ्या पायलटांना तयार करणं.

मेकॅनिक लोकांबद्दल मी फार बोलले नाही, त्यावर कुणाला विचारायचं असेल तर आता विचारा, मागचा माईक चालू आहे.