निळा कोट, पिवळं अस्तर: स्वीडनची कॅरोलियन फौज

हा कोट नीट बघा, कॅरोलियन शिपायाचा, म्हणजे स्वीडनच्या अकराव्या आणि बाराव्या कार्ल राजांच्या फौजेतला. जाड लोकरीचं निळं कापड, आणि खालचा घेर मागे वळवून हुकाने अडकवलेला, म्हणजे चालताना पायात येत नाही आणि आतलं पिवळं अस्तर लांबूनही दिसतं. सगळ्यांचंच पिवळं नव्हतं हं, स्वीडनमधल्याच यॉनशॉपिंग भागाच्या रेजिमेंटचं लाल होतं. डोक्यावर तीन कोनांची हॅट, नाहीतर कान झाकणारी टोपी.

पण या फौजेची खरी कमाल गावात आहे. १६७५ ते ७९च्या युद्धात डेन्मार्क आणि ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याने स्वीडनची पार दमछाक केली, तेव्हा राजा अकरावा कार्ल याने ठरवलं की भाडोत्री सैनिकांवर भिस्त ठेवायची नाही, आणि १६८२ पासून नवी पद्धत लावली. दोन-चार शेतं मिळून एक गट, त्याला म्हणायचे रूते, आणि एका रूतेने एक शिपाई द्यायचा, त्याला छोटं घर आणि जमिनीचा तुकडा पण द्यायचा, बदल्यात त्या शेतकऱ्यांची सक्तीच्या भरतीतून सुटका. घोडदळासाठी मोठं शेत घोडा आणि स्वार उभा करायचं, त्याला करात सूट. युनिफॉर्म रोज घालायचा नाही, एरवी शिपाई साध्या कपड्यात शेतीच करायचा.

दीडशे जणांची एक कंपनी, अशा आठ मिळून रेजिमेंट. सगळे एकाच भागातले, त्यामुळे एकाच कंपनीत ढीगभर अँडर्स अँडरसन, मग प्रत्येकाला वेगळं शिपाईनाव मिळायचं, रास्क म्हणजे चपळ, स्टोल म्हणजे पोलाद. मला वाटतं, शेजारचा माणूस बाजूला उभा असताना पळून जाणं फार कठीण असणार, आणि ही माणसं लढायचीही तशीच. साधारण तिघांत एकाच्या हातात लांब भाला, बाकीच्यांकडे बंदूक, आणि शत्रूच्या अगदी जवळ जाईपर्यंत गोळी झाडायची नाही, मग एक-दोन फैरी आणि लगेच तलवारी उपसून धाव! १७००च्या नोव्हेंबरमध्ये रशियाशी युद्धात नार्वाला, म्हणजे आजच्या एस्टोनियात, बर्फाचं वादळ रशियनांच्या तोंडावर येत होतं, त्याच्या आडून हे थेट भिडले आणि तिपटीहून मोठी फौज मोडली. तेव्हा गादीवर कार्लचा मुलगा होता, बारावा कार्ल, वय फक्त १८. तो स्वतःही असाच साधा निळा कोट घालायचा, पितळी बटणांचा.

१७०९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या पोल्टाव्हाला ही फौज रशियनांकडून हरली आणि उरलेल्यांनी काही दिवसांतच नीपर नदीकाठच्या पेरेवोलोच्नाला शस्त्रं खाली ठेवली. इकडे गावात रूतेला पुन्हा नवा माणूस शोधावा लागला, आणि घर शिपायाच्या जागेचं असल्यामुळे नवा आला की आधीच्याच्या विधवेला बहुतेक वेळा ते सोडावं लागायचं. तरी पद्धत टिकली, आणि १९०१ मध्ये सगळ्या पुरुषांसाठी सक्तीची लष्करी सेवा आली तेव्हा कुठे ती बंद करायचं ठरलं.