अटींवर मिळालेली जमीन

नमस्कार श्रोतेहो. टेक्सास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडे येतात, रुंद कडांच्या टोप्या येतात, तेलाच्या विहिरी येतात. हल्ली ह्यूस्टनला स्थायिक झालेला एखादा भाचाही येतो. पण दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख मेक्सिकोचा होता, आणि सीमा ओलांडून चोरून घुसणारे होते ते अमेरिकन! १८३५ साली तिथे क्रांतीचा भडका उडाला. लढायांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला मात्र त्याआधीचे सरकारी कागद जास्त बोलके वाटतात.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला. उत्तरेकडचा टेक्सास सरकारच्या लेखी ओसाड होता. तिथल्या मूळच्या कोमांचे जमातीच्या लेखी तो त्यांचाच होता, ही गोष्ट वेगळी. तिथे वस्ती वाढावी म्हणून परक्यांना जमीन द्यायचं ठरलं. अमेरिकेत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर, तीही रोखीनं. इथे गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ फुकटात मिळत होती सुमारे ४,४०० एकर! अटी दोनच मोठ्या : मेक्सिकोचं नागरिक व्हायचं आणि कॅथलिक धर्म पाळायचा.

स्टीफन ऑस्टिन या अमेरिकन वसाहतकारानं टेक्सासमधल्या ब्राझोस आणि कोलोराडो नद्यांच्या काठी पहिली तीनशे कुटुंबं वसवली. धर्माची अट सगळ्यांनी मान डोलावून कबूल केली. पण पाद्रीच नव्हते! मग वधूवर करारपत्रावर सह्या करून संसार थाटत, पाद्री येईल तेव्हा विधिवत लग्न लावू असं लिहून देत. पाद्री उगवेपर्यंत कधी कधी अंगणात पोरं खेळत असायची.

हा ऑस्टिन सरकारचा माणूस होता. १८२६ च्या अखेरीस पूर्व टेक्सासमधल्या नाकोगडोचेस गावी हेडन एडवर्ड्सच्या गटानं ‘फ्रेडोनिया’ नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारलं, तेव्हा ते मोडायला ऑस्टिननं आपली माणसं सरकारी फौजेबरोबर पाठवली.

खरी मेख होती गुलामीची. वसाहतवाल्यांना कापूस पिकवायचा होता, तो गुलामांच्या जिवावर. १८२७ च्या प्रांतिक घटनेनं नवे गुलाम आणायला बंदी घातली, तेव्हा पळवाट निघाली ‘मजुरीच्या करारा’ची. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याकडून नव्याण्णव वर्षांच्या चाकरीवर अंगठा घ्यायचा, की कायद्यानं तो गुलाम नाही, मजूर! १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते गेरेरो यांनी, ज्यांच्या स्वतःच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं, गुलामी देशभर रद्द केली. टेक्सासमधून ओरड झाली आणि दोन-अडीच महिन्यांत त्या प्रांताला सूट मिळाली. सूट मिळाली, पण धास्ती गेली नाही.

तिकडे मेक्सिकोची धास्ती निराळी. मेक्सिकोचा जनरल मिएर इ तेरान पाहणीला फिरला आणि त्याला दिसलं की नाकोगडोचेसच्या बाजूला सगळा व्यवहार इंग्रजीतून चाललाय, मेक्सिकन मूठभर उरलेत. त्यातून ६ एप्रिल १८३० चा कायदा आला : अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी. वसाहतवाल्यांना मिळालेल्या जकातमाफीची मुदतही त्याच सुमारास संपत होती, म्हणून नाके उभे राहिले, शिपाई आले. अनाहुआकच्या ठाण्यावरचा अधिकारी ब्रॅडबर्न हा मूळचा अमेरिकनच. त्यानं १८३२ मध्ये विल्यम ट्रॅव्हिस नावाच्या तरुण वकिलाला कोठडीत टाकलं, आणि वसाहतवाले बंदुका घेऊन जमले. बंदीचं म्हणाल तर लोक येतच राहिले. फक्त परवानगी घेऊन येणं थांबलं.

१८३३ मध्ये टेक्सासला मेक्सिकोतच वेगळं राज्य मिळावं, हा अर्ज घेऊन ऑस्टिन मेक्सिको सिटीला गेला. महिने गेले, उत्तर नाही. वैतागून त्यानं सॅन अंतोनियोच्या नगर परिषदेला लिहिलं : परवानगीची वाट पाहू नका, राज्याची तयारी करा. हे पत्र सरकारच्या हाती लागलं. जानेवारी १८३४ मध्ये परतीच्या वाटेवर साल्तियोला त्याला अटक झाली. सरकारच्या बाजूनं बंड मोडणारा माणूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जुन्या तुरुंगात जाऊन पडला! तो घरी पोचेपर्यंत १८३५ चा उन्हाळा संपत आला होता.

दरम्यान मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष, जनरल सान्ता आना यानं १८२४ ची संघराज्याची घटना गुंडाळायला घेतली. विरोध करणारं झाकातेकास हे राज्य त्यानं सैन्य घालून लुटलं. म्हणून टेक्सासमधले हुआन सेगिनसारखे मेक्सिकन वंशाचे लोकही वसाहतवाल्यांना मिळाले. हे भांडण नुसतं गोऱ्यांचं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं.

ठिणगी पडली गोन्झालेसला. कोमांचेंपासून रक्षणासाठी १८३१ मध्ये दिलेली एक छोटी तोफ सरकारनं परत मागितली. गावकऱ्यांनी तोफेचं चित्र काढून त्याखाली ‘या आणि घेऊन जा’ असं लिहिलेलं निशाण फडकवलं. २ ऑक्टोबर १८३५ ला गोळी सुटली.

पाच महिन्यांनी, मार्च १८३६ मध्ये, वसाहतवाल्यांनी स्वतंत्र टेक्सासची घटना लिहिली. धर्माची सक्ती त्यांनी काढून टाकली. आणि एक कलम घातलं : गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार संसदेला असणार नाही. नमस्कार.