फायरप्लेस भाड्याच्या घरातली, धुराडं कोणाचं?

मित्रहो, भाड्याच्या घराच्या जाहिरातीत फायरप्लेसचा फोटो असतो, पण भाडेकरारात तिच्याबद्दल बहुधा एक ओळही सापडत नाही. ती पेटवायची आहे की नुसती शोभेची, धुराडं शेवटचं कधी साफ केलं, पुढे साफ कोण करणार, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. या न लिहिलेल्या ओळीबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न पैशांचा जितका आहे त्याहून अधिक जिवाचा आहे.

लाकूड जळताना, विशेषतः ओलं असेल किंवा हवा कमी पडत असेल तर, ते पूर्ण जळत नाही. तो धूर धुराड्याच्या थंड भिंतींना लागला की तिथे क्रिओसोट नावाचा काळा, डांबरासारखा थर साचतो आणि हा थर स्वतःच पेट घेतो. धुराड्यात आग लागली की तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. आतलं अस्तर तडकतं आणि पुढच्या वेळी त्याच भेगांतून धूर नि ज्वाळा भिंतीत शिरतात. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. पक्ष्यांच्या घरट्याने धुराडं तुंबलं असेल, तर हा वायू खोलीतच राहतो.

आता जबाबदारी कोणाची? १९५३ साली इंग्लंडमध्ये वॉरेन विरुद्ध कीन या खटल्यात न्यायाधीश डेनिंग यांनी भाडेकरूने घर कसं वापरावं ते सांगितलं. सिंक तुंबलं तर मोकळं करावं, खिडक्या पुसाव्यात आणि गरज पडेल तेव्हा धुराडंही साफ करावं. फ्रान्समध्येही १९८७ च्या एका फर्मानाने धूरमार्गाची सफाई भाडेकरूच्या कामांच्या यादीत टाकली आहे.

मला हे पटत नाही, निदान अपार्टमेंटच्या बाबतीत तरी नाही. खिडकीवरची धूळ भाडेकरूला दिसते. धुराड्याचं तसं नाही. ते वरच्या मजल्यांतून, दुसऱ्यांच्या घरांच्या भिंतींतून जाऊन छतावर उघडतं. त्या छतावर जायची भाडेकरूला अनेकदा परवानगीही नसते. आपल्याआधी तिथे राहिलेल्यांनी किती आणि कसली लाकडं जाळली, हे त्याला कसं कळणार? जे तपासायचा अधिकारच त्याला नाही, त्याचा भार त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

जर्मनीची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. तिथे धुराड्याची सफाई आणि तपासणी अधिकृत कारागिराकडून वेळेवर करून घेणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. करारात तशी तरतूद असेल तर तो खर्च भाडेकरूकडून देखभाल खर्चात वसूल करता येतो. म्हणजे पैसे कोणीही देवो, काम झालं नाही तर जाब मालकाला द्यावा लागतो. खर्च आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक भांडणं त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात.

इंग्लंडचा कायदाही पुढे सरकलाच आहे. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टच्या कलम ११ नुसार सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात घराचा सांगाडा, बाहेरचा भाग आणि खोल्या गरम ठेवणारी साधनं दुरुस्त राखणं मालकाकडे येतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर ज्या राहत्या खोलीत इंधन जाळणारं पक्कं बसवलेलं साधन आहे, तिथे मालकाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायलाच हवा. त्यातून गॅसची शेगडी तेवढी वगळली आहे.

भाडेकरूकडे काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. राख थंड झाल्यावर धातूच्या डब्यात काढणं, सुकं लाकूड वापरणं, कचरा किंवा रंग दिलेल्या फळ्या न जाळणं, पेटवण्याआधी डॅम्पर, म्हणजे धुराड्यातली उघडझाप करणारी झडप, उघडा आहे ना हे पाहणं, हे त्याचंच काम. चुकीच्या वापराने नुकसान झालं, तर भरपाईही त्यानेच करावी.

घरमालकांना माझं सांगणं एवढंच: फायरप्लेस वापरण्याजोगी ठेवायची असेल तर दरवर्षी तपासून घ्या आणि तपासणीचा कागद भाडेकरूला द्या. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं धुराड्यांसाठीचं २११ हे मानकही वर्षातून किमान एकदा तपासणी सांगतं. ते करायचं नसेल तर ती बंद करा आणि ‘पेटवू नये’ असं करारात स्पष्ट लिहा. काहीच न सांगता ती तशीच उघडी ठेवणं मला सर्वांत धोकादायक वाटतं, कारण थंडी पडली की कोणीतरी ती पेटवणारच.

आणि भाडेकरूंनो, खोलीत धूर परत येत असेल, भिंतीवर काळे डाग उमटत असतील किंवा विटांचे तुकडे खाली पडत असतील, तर त्याच क्षणी वापर थांबवा. मालकाला तारीख घालून, फोटो जोडून लेखी कळवा. फोनवर झालेलं बोलणं पुढे सिद्ध करणं कठीण जातं. उत्तर येईपर्यंत ती पेटवू नका. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही सांगा, कारण ते धुराडं त्यांच्या भिंतीतूनही गेलेलं असू शकतं.