पगाराची ओळ

मघाशी एका ताईंनी विचारलं की देणगी देणाऱ्या फाउंडेशनला पाठवायचं प्रपोजल चांगल्या इंग्रजीत लिहून देणारा कोणी आहे का. मिळेल हो, पण आमच्या संस्थेचा पहिला अर्ज इंग्रजीमुळे नव्हता परत आला. दोन महिने वाट बघितली आणि मग फोन आला की परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांची सही अर्जावर का नाहीये, आता काय सांगणार, ते वारून चार वर्षं झाली होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, टाकायचा असतो, आम्ही प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला, नव्या अध्यक्षांचा नारळ देऊन सत्कार केला आणि विसरलो. तेव्हा आधी स्वतःचा उतारा काढून बघा, त्यावर गेलेली माणसं किती आहेत ते मोजा.

बाकी कागद तुम्हाला माहितीयेत, आयकरातली नोंदणी म्हणजे १२ ए (संस्थेला करसूट) आणि ८० जी (देणगीदाराला सूट), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ऑडिट. ८० जी आता पूर्वीसारखं कायमचं नाही, २०२१ पासून त्याला मुदत असते, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा हवा तर संस्थेने सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो. आणि सगळे मुंबईच्या मोठ्या ट्रस्टकडेच का धावतात मला कळत नाही, वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा झाला की कंपनीला नफ्यातले २ टक्के अशा कामावर खर्च करावेच लागतात, तशी एखादी तुमच्या एमआयडीसीतही असेल.

आता खरं दुखणं. वाडीवरच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचं बजेट मी केलं होतं, त्यात सतरंज्या, वह्या, दप्तरं, फ्लेक्स सगळं व्यवस्थित, आणि शिकवणाऱ्या मुलीचं मानधन १५०० रुपये. फाउंडेशनच्या प्रोग्राम ऑफिसरने कॅल्क्युलेटर काढला. मॅडम, रोज दोन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे तासाला ३० रुपये, ही मुलगी दिवाळीनंतर येईल का? मी गप्प. कारण आधीच्या दोघी दिवाळीनंतरच सोडून गेल्या होत्या आणि ते मी अर्जात लिहिलंच नव्हतं.

आपण पगार इतका कमी का दाखवतो, तर पगार दाखवला की देणगीदाराला वाटेल पैसा संस्थाच खातेय. त्यात २०२० ला एफसीआरएमध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली तेव्हापासून सगळेच धास्तावलेत, पण तो कायदा परदेशी पैशाचा आहे, आणि त्यातसुद्धा शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. सीएसआरमधली ५ टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, शिक्षणाच्या प्रोजेक्टमधला शिक्षकाचा पगार हा प्रोजेक्टचाच खर्च, असं केंद्राच्या कंपनी मंत्रालयानेच खुलाशात सांगितलंय. कोणी ५ टक्के ५ टक्के करत बसलं तर तो खुलासा पुढे सरकवा, भांडू नका.

मग आम्ही बजेट परत मांडलं. मुलीला ६००० केले, हिशेब लिहिणाऱ्याचे पैसे टाकले, ऑडिट फी टाकली, ऑफिसचं भाडं आणि फोन यातला त्या वर्गापुरता हिस्सा टाकला, आणि फ्लेक्स उडवला (वाडीत सगळ्यांना माहितीये वर्ग कुठे भरतो, फ्लेक्स कोणासाठी?). आणि आधीच्या दोघी का गेल्या ते पण सरळ लिहिलं, एकीला कंपनीत काम मिळालं, दुसरीला घरच्यांनी विचारलं की यातून मिळतं काय. मागितलं त्यापेक्षा कमीच मिळालं शेवटी, वह्यांना कात्री लागली, त्या आम्ही गावातून गोळा केल्या. वह्या देणारा गावात सापडतो हो, पगार देणारा नाही सापडत. ती मुलगी आता तिसरं वर्ष शिकवतेय.

जेवणाला अर्धा तास आहे अजून. ज्यांनी बजेट आणलंय त्यांनी पगाराची ओळ काढा आणि त्याला तासांनी भागा, मी एकेकाकडे येते.